लेस्टर पुन्हा खाली. पुढच्या ४६ सामन्यांत नक्की काय बघायचं?

भुसावळचा_कोल्हा · २७ मे २०२५, रात्री ९.४०

रामराम मंडळी. आपला लेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमधून परत दुसऱ्या पातळीवर, चॅम्पियनशिपमध्ये उतरला. ३८ सामन्यांत २५ गुण, ३३ गोल केले आणि ८० खाल्ले. घरच्या मैदानावर लीगचे सलग ९ सामने हरलो आणि त्या नऊत एकही गोल नाही. २०२३ ला ३४ गुणांवर खाली, २०२४ ला ९७ गुण घेऊन वर आणि आता अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दहा दिवस आधीच परत खाली. आपला आघाडीचा गोलकर्ता वार्डीही गेला, जाताना ५०० व्या सामन्यात २०० वा गोल करून गेला, तेवढंच समाधान.

"होईल सगळं ठीक" असा धीर नको आहे. नेमकं सांगा:
चॅम्पियनशिपमधून थेट वर यायला किती गुण धरून चालायचं? आर्थिक नियमभंगाचं प्रकरण प्रीमियर लीगनं याच महिन्यात स्वतंत्र आयोगाकडं पाठवलंय, त्याची भीती किती बाळगायची? संघ सावरतोय की आणखी घसरतोय, हे गुणतक्त्याआधी कशावरून कळतं? आणि खान्देशात बसून हे सामने बघायचे कसे?

---

तापीकाठ_यावल · २७ मे, रात्री १०.२५

कोल्हेभाऊ, एक आकडा लिहून ठेवा: ९२.

२४ संघ, प्रत्येकी ४६ सामने, त्यातले २३ घरी, २३ बाहेर. घरी सगळे जिंकले आणि बाहेर सगळे बरोबरीत सोडवले तर ६९ अधिक २३, म्हणजे ९२ होतात. असं कुणाचंच तंतोतंत घडत नाही, पण हिशोबाला हे माप पक्कं आहे. सामन्यामागं सरासरी २ गुण.

लोक दुसऱ्या क्रमांकाचे गुण बघून घाबरतात. यंदा बर्नली १०० गुण घेऊन दुसरी आली, लीड्सचेही १००, फक्त गोलफरकावर लीड्स वर. त्याआधीच्या वर्षी इप्सविच ९६ वर दुसरं. त्यामुळं वाटतं, आता शंभर हवेतच. पण दुसरा संघ किती पुढं पळाला याला महत्त्व नाही, पहिले दोन थेट वर जातात, म्हणजे तुम्हाला फक्त तिसऱ्याच्या पुढं राहायचंय. म्हणून तिसऱ्याचे गुण बघा. २०१५-१६ पासून क्रमानं: ८९, ८५, ८८, ८३, ८१, ८७, ८२, ८०, ९०, ९०. दहा हंगामांत एकदाही ९० च्या वर नाही. (यंदा शेफील्ड युनायटेडचे २ गुण कापले नसते तर ९२ झाले असते, हे ध्यानात असू द्या.) म्हणून ९२ म्हणतो.

आता हे ९२ रोजच्या वापरात कसे आणायचे. दहा-दहा सामन्यांचे चार तुकडे करा, उरतात सहा. प्रत्येक तुकड्याला २० गुण, शेवटच्या सहाला १२. साधी शंभर पानी वही घ्या. एका ओळीला एक सामना: क्रमांक, विरोधी संघ, घरी की बाहेर, मिळालेले गुण, आणि शेवटच्या रकान्यात "किती पुढं किंवा मागं". तो शेवटचा रकाना म्हणजे एकूण गुण वजा (सामने गुणिले २). सातव्या सामन्यानंतर १५ गुण असतील तर अधिक १. रोज गुणतक्ता उघडून जीव घाबरा करून घेण्यापेक्षा हा एक आकडा बघा. तक्त्यात कुणाचे सामने कमी, कुणाचे जास्त झालेले असतात; मंगळवार-बुधवारी अर्धे संघ खेळतात, अर्धे नाही. हा रकाना त्यानं हलत नाही.

उणे ४ पर्यंत काळजी नको, चांगले आठ सामने ते भरून काढतात. दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी, म्हणजे २० सामन्यांनंतर, उणे ८ च्या खाली असाल तर थेट जागा विसरा आणि सहाव्या क्रमांकाकडं बघा, कारण तिथवरच्यांना प्ले-ऑफमधून वर जायची आणखी एक संधी असते. तिथं माप वेगळं आहे. यंदा ब्रिस्टल सिटी ६८ वर सहावी, त्याआधी नॉर्विच ७३ वर, २०२१-२२ ला ल्यूटन ७५ वर. म्हणजे ७५ असले की प्ले-ऑफ जवळपास नक्की.

प्ले-ऑफला कमी लेखू नका. संडरलंड लीगमधले शेवटचे पाच सामने सलग हरून चौथ्या जागेवर आलं, ७६ गुण. शेफील्ड युनायटेड त्यांच्या १४ गुण पुढं. गेल्या शनिवारी लंडनच्या वेम्बली मैदानावर याच दोघांच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात ७५ मिनिटांपर्यंत संडरलंड एका गोलनं मागं होतं. ७६ व्या मिनिटाला मायेंडानं बरोबरी केली आणि भरपाईच्या पाचव्या मिनिटाला वॉटसननं गोल मारला. तो क्लब २०१७ ला प्रीमियर लीगमधून खाली आला होता, २०१८ ला आणखी खाली. आठ वर्षांनी परतला.

---

धुळ्याची_खतावणी · २८ मे, सकाळी ७.१०

दादा, पैशाचं मी सांगते. इथं बरेच गैरसमज आहेत.

खाली आलेल्या क्लबला प्रीमियर लीग तीन वर्षांपर्यंत आधाराची रक्कम देते, तिला पॅराशूट म्हणतात. प्रक्षेपणाच्या पैशातला जो भाग सगळ्या क्लबांना सारखा मिळतो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ दुसऱ्या, २० तिसऱ्या. वर एकच हंगाम काढून आलात तर तिसरं वर्ष नाही. लेस्टर २०२४ ला वर गेलं आणि लगेच आलं, म्हणजे दोनच वर्षं. यावरून पहिला निष्कर्ष असा की परतायची खरी खिडकी दोन हंगामांची आहे. २०२७ च्या मे पर्यंत. त्यानंतर तुम्ही बाकीच्यांसारखेच.

तोट्याची मर्यादा: तीन वर्षांचा तोटा एकत्र धरतात. प्रीमियर लीगमधल्या वर्षाला ३५ दशलक्ष पौंड, चॅम्पियनशिपमधल्या वर्षाला १३. म्हणून जे प्रकरण आता आयोगाकडं गेलंय, २०२३-२४ ला संपलेल्या तीन वर्षांचं, त्याची मर्यादा ३५ अधिक ३५ अधिक १३, म्हणजे ८३. पुढच्या हंगामाअखेरचा हिशोब कराल तर १३ अधिक ३५ अधिक १३, फक्त ६१. मर्यादा आक्रसत चालली आहे, म्हणून यंदा विक्री होणारच. खेळाडू गेला की मालकाला शिव्या घालण्याआधी ही बेरीज करून बघा.

कुणाला विकतील हेही खतावणीतूनच कळतं. २० दशलक्षाला चार वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू दरवर्षी ५ नं झिजतो. एका वर्षानं वहीत त्याची किंमत १५. तो २० ला विकला तर नफा फक्त ५. अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो २० ला गेला तर सगळे २० नफा. म्हणून संकटातले क्लब नेमकी घरचीच पोरं विकतात, आणि पाठीराख्यांना तेच सगळ्यात जास्त लागतं. ड्यूसबरी-हॉल २०२४ ला चेल्सीला गेला तो याच हिशोबानं.

पगाराचं असं की बऱ्याच करारांत "खाली गेलात तर पगार इतका कमी" अशी अट असते. ती नसलेले जुने करार क्लबला गाळात नेतात. ३० जूनला ज्यांचे करार संपतात त्यांचे पैसे मिळत नाहीत, पण पगार वाचतो. जूनमध्ये कुणाला ठेवलं आणि कुणाला मोकळं केलं याची यादी येते, ती नीट वाचा. तिशी ओलांडलेले, मोठ्या पगाराचे चार-पाच जण त्यात मोकळे झाले असतील तर ती चांगली बातमी धरा, नावं कितीही लाडकी असोत.

गुणकपात. २०२३-२४ मध्ये एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले, नंतर दुसऱ्या प्रकरणात आणखी २. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४. एव्हर्टनवर आरोप मार्चमध्ये ठेवला आणि निकाल नोव्हेंबरात आला, म्हणजे आठ महिने. तेव्हा निकाल ऐन हंगामात येईल असं धरून चाला. यावलच्या भाऊंच्या वहीत ९२ च्या खाली दुसरी ओळ ओढा: ९८. सहा गुण राखीव. कपात झाली नाही तर ते तुमचेच.

---

रावेर_पिलबाग · २८ मे, दुपारी १.०५

केळीवाल्यांना हे लवकर समजतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं. बुडाशी पाच-सहा पिलं आलेली असतात, त्यातलं एक जोमदार पील ठेवून बाकीची कोयत्यानं काढावी लागतात. सगळी ठेवली तर एकाचाही घड भरत नाही. खाली आलेल्या संघाचं जून-जुलैमध्ये हेच काम असतं, आणि बहुतेक क्लब ते अर्धवट सोडतात.

तिसऱ्या प्रश्नाकडं येतो. गुणतक्त्याच्या आधी चार गोष्टी बोलतात.

पहिली, प्रशिक्षकाचा निर्णय कधी होतो. सराव जुलैच्या सुरुवातीला सुरू होतो, पहिला सामना ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवाररविवारी. जूनच्या मध्यापर्यंत प्रशिक्षक ठरला तर त्याला खेळाडू निवडायला वेळ मिळतो. जुलैच्या मध्यावर ठरला तर तो दुसऱ्यानं भरलेल्या पिशवीवर स्वयंपाक करतो. गेल्या हंगामात नोव्हेंबरअखेर प्रशिक्षक बदलला, त्यातून काय निघालं ते दिसलंच.

दुसरी, बचाव. ८० गोल खाल्लेत. ९७ गुणांच्या वर्षी आपण ४१ खाल्ले होते आणि ८९ केले होते. यंदाच्या बर्नलीचं बघा: ६९ च गोल केले, पण ४६ सामन्यांत खाल्ले फक्त १६. तीस सामन्यांत एकही नाही. २८ विजय, १६ बरोबरी, २ पराभव. गोल मारणारा महाग मिळतो, बचाव मात्र सरावानं बांधता येतो. पहिल्या दहा सामन्यांत ८ पेक्षा कमी गोल खाल्ले तर पाया पडतोय असं समजा, मग गुण १६ असोत की २२.

तिसरी, चालू खेळातून (कॉर्नर, फ्री किक सोडून) संधी निर्माण होतायत का. प्रीमियर लीगमध्ये आपल्याकडं चेंडू नसायचा, इथं उलटं होतं. अर्धे विरोधी संघ अकराच्या अकरा मागं नेऊन बसतात आणि थ्रो, कॉर्नर, फ्री किकवर जगतात. चेंडू ६५ टक्के आपल्याकडं आणि सामना ०-१, असं इथं हमखास होतं. त्यामुळं चेंडूच्या टक्केवारीवर आशा ठेवू नका. पेनल्टी क्षेत्राच्या आतून किती फटके मारले ते बघा. सामन्याला नऊ-दहा असतील तर गोल येतील, चारच असतील आणि बाकी बाहेरून ठोकलेले असतील तर प्रशिक्षकाला उत्तर सापडलेलं नाही.

चौथी गोष्ट पोरांची, आणि मला सगळ्यात जास्त भरवसा तिथं वाटतो. जेरेमी मोंगा ७ एप्रिलला न्यूकॅसलविरुद्ध उतरला तेव्हा १५ वर्षं २७१ दिवसांचा होता. तोपर्यंत प्रीमियर लीगमध्ये त्याच्याहून लहान वयात उतरलेला एकटा आर्सेनलचा न्वानेरी. त्या दिवशी मोंगाच्या जर्सीची छाती कोरी होती, कारण क्लबचा प्रायोजक जुगाराच्या धंद्यातला आणि पोरगा अठराच्या आत. बाकी दहा जणांच्या छातीवर नाव, याची निळी पाटी मोकळी. संघ ०-३ हरला, पण पुढच्या दोन वर्षांसाठी त्या संध्याकाळचा हाच भाग उपयोगाचा. ४६ सामने, त्यात चषकाचे वेगळे. आठवड्याला दोन-दोन सामने आले की प्रशिक्षकाला पोरं उतरवावीच लागतात. वर राहिलो असतो तर त्यांना ही मिनिटं मिळाली नसती. वहीत एक रकाना वाढवा: एकविशीच्या आतल्या खेळाडूंची एकूण मिनिटं.

१ सप्टेंबरला खेळाडूंची खरेदी-विक्री बंद होते, तोपर्यंत लीगचे चार सामने होऊन गेलेले असतात. ते चार सामने गुणांपुरते मोजा, त्यावरून मत बनवू नका. अर्धा संघ मनानं दुसरीकडं असतो.

---

भुसावळचा_कोल्हा · २८ मे, रात्री ८.३०

तिघांचेही आभार. ९८ ची ओळ ओढली. अजून एक विचारतो, कारण झोप त्यानंच उडाली आहे. खाली येऊन परत खाली, असं किती वेळा होतं? ल्यूटनचं बघितल्यापासून धास्ती आहे.

---

धुळ्याची_खतावणी · २८ मे, रात्री ९.१५

होतं, आणि लपवण्यात अर्थ नाही. ल्यूटन २०२४ ला प्रीमियर लीगमधून आलं आणि या महिन्यात तिसऱ्या पातळीवर गेलं. ४९ गुण. हलचेही ४९ च होते, गोलफरकावर ते वाचले. शेवटच्या दिवशी ल्यूटन वेस्ट ब्रॉमकडं ३-५ हरलं. संडरलंडचं उदाहरण वर दिलंच आहे.

अशा क्लबांना पैसा कमी पडतो असं नाही. पॅराशूट असतंच. बिघडतं ते असं: वरच्या पातळीसाठी घेतलेले खेळाडू विकले जात नाहीत, कारण त्यांचा पगार दुसरं कुणी द्यायला तयार नसतं. ते नाराज होऊन बसून राहतात. त्यांच्या जागी नवे घेता येत नाहीत. हिवाळ्यापर्यंत हरायची सवय लागते, मग जानेवारीत घाईनं प्रशिक्षक बदलतात. खूण एकच लक्षात ठेवा: १५ सामन्यांनंतर १५ पेक्षा कमी गुण. ती रेषा दिसली तर ९२ ची वही बाजूला ठेवा आणि ५२ चं माप धरा. ल्यूटन ४९ वर बुडालं, ५२ असते तर वाचलं असतं.

आणि ल्यूटनचं नुसतं एवढंच वाचून थांबू नका. २००८-०९ ला त्यांचे ३० गुण कापले, २००९ ला ते व्यावसायिक लीगच्या चारही पातळ्यांबाहेर फेकले गेले. २०२३ ला कोव्हेंट्रीला पेनल्टीवर हरवून प्रीमियर लीगमध्ये पोचले. चौदा वर्षं लागली. मँचेस्टर सिटी १९९८ ला तिसऱ्या पातळीवर होती. आणि खुद्द लेस्टर? २००८ ला तिसऱ्या पातळीवर गेलं, २००९ ला वर आलं, २०१६ ला इंग्लंडचं विजेतं.

---

तापीकाठ_यावल · २८ मे, रात्री ९.५०

ताईंच्या बोलण्यात एक भर. ९७ गुणांच्या वर्षीसुद्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये आपण लागोपाठ तीन हरलो होतो: मिडल्सब्रो, लीड्स, क्यूपीआर. तरी पहिले आलो. त्या वर्षीचा एकूण ताळा ३१ विजय, ४ बरोबरी, ११ पराभव. अकरा वेळा हरून विजेतेपद. तेव्हा पहिला पराभव झाला की वही फाडू नका, अकरांचा कोटा आहे.

---

दीपनगर_रात्रपाळी · २८ मे, रात्री ११.५५

बघायचं कसं, ते राहिलं.

वेळा आधी. इंग्लंडचा उन्हाळी काळ यंदा २६ ऑक्टोबरला संपतो. तोपर्यंत आपण साडेचार तास पुढं, नंतर २९ मार्चपर्यंत साडेपाच. शनिवारचा दुपारी ३ चा सामना म्हणजे आपल्याकडं संध्याकाळी ७.३०, हिवाळ्यात ८.३०. शनिवारचा १२.३० चा म्हणजे ५, हिवाळ्यात ६. मधल्या वारचा पावणेआठचा म्हणजे रात्री सव्वाबारा, हिवाळ्यात सव्वा. शुक्रवारी रात्रीचाही तसाच मध्यरात्रीनंतर. फसगत इथं होते: तारीख बदलते. "मंगळवार ७.४५" वाचून मंगळवारी रात्री सव्वाबाराला लावायला जाल तर ते बरोबर आहे, पण मोबाईलवर गजर बुधवारच्या तारखेला लावावा लागतो.

शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपण करायला इंग्लंडमध्ये बंदी आहे, ती भारतात लागू नाही. भारतातले हक्क कुणाकडं आहेत ते लीग सुरू व्हायच्या आठवड्यात बघा. जूनमध्ये वर्षाचं पॅकेज घेऊ नका, प्रीमियर लीग दाखवणाऱ्याकडं चॅम्पियनशिप असेलच असं नाही. सगळे सामने चित्रासकट मिळतीलच असंही नाही. उरलेल्यांसाठी क्लबचं स्वतःचं थेट समालोचन ऐका. दोन तासांच्या ऐकण्याला १२८ केबीपीएसवर सुमारे ११५ एमबी लागतात. ७२० पीचं चित्र तासालाच १ जीबीच्या पुढं जातं, दिवसाला दीड जीबीचं पॅक उत्तरार्धात संपतं.

वीज. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: आउटपुट १२ व्होल्ट लिहिलंय की ९, आणि अँपिअर किती. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. ९ च्या राउटरला १२ दिलं की तो जळू शकतो. फायबरवाल्यांकडं भिंतीवरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना पुरवठा लागतो, नाहीतर राउटरचा दिवा चालू आणि नेट बंद.

व्हिडिओ पंच चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत नाही. गोल झाला की झाला. थांबून रेषा मोजत बसायचं नाही, लगेच ओरडायचं. एवढ्यासाठी तरी हा विभाग बघावा.

---

रावेर_पिलबाग · २९ मे, सकाळी ६.४५

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपला कानबाईचा सण, ३ ऑगस्टला. तिचं विसर्जन झालं की त्याच आठवड्याच्या शेवटी पहिला सामना. भुसावळ, यावल, रावेर तिघंही पाऊण-एक तासाच्या आत आहेत. पहिला घरचा सामना एकत्र बघायचा का? भरताची वांगी आणि कळण्याचं पीठ माझ्याकडून.

---

भुसावळचा_कोल्हा · २९ मे, सकाळी ७.२०

जागा माझ्याकडं, स्टेशनपासून चालत. राउटरचा अडॅप्टर बघितला, १२ व्होल्ट १ अँपिअर आहे. जूनमध्ये कुणाला ठेवलं-सोडलं ती यादी आली की इथंच टाकतो, ताई, तुम्ही बेरीज करा. धुळ्याहून येत असाल तर परतीच्या वेळेचं आधी ठरवू, सामना साडेनऊला संपतो.